अहवालात ‘भरपूर’ असलेला पालाश आणि वीतभर खालची माती

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा काळा सुळका आणि सोलापूर-परभणीकडची काळी जमीन यांचे कूळ एकच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरांवर थर पसरलेल्या लाव्ह्यापासून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला आणि तोच बेसाल्ट झिजून घाटावरची काळी माती बनली. गंमत अशी की या खडकात पालाश, म्हणजे पिकाला लागणारे पोटॅशियम, मुळातच बेताचा असतो. ग्रॅनाइटमध्ये पालाशाचे प्रमाण साधारण तीन ते पाच टक्के आढळते, तर दख्खनच्या बेसाल्टमध्ये ते बहुतेक ठिकाणी एक टक्काही भरत नाही. तरीसुद्धा काळ्या जमिनीच्या माती परीक्षणाचा अहवाल उघडला की नत्रापुढे (नायट्रोजन) ‘कमी’, स्फुरदापुढे (फॉस्फरस) ‘कमी’ किंवा ‘मध्यम’, आणि पालाशापुढे मात्र हमखास ‘जास्त’ किंवा ‘भरपूर’ असा शेरा दिसतो. खडक गरीब आणि माती श्रीमंत, हे कसे? आणि ही श्रीमंती किती खोलवर टिकते? मुंबईत नोकरी करता करता गावची जमीन सांभाळणाऱ्यांच्या हाती आता असे अहवाल मोबाइलवर येऊन पडतात आणि त्यांतल्या त्या एका शब्दावर खताचा निर्णय होतो. म्हणून हा प्रश्न जरा खोदून पाहण्याजोगा आहे.

आधी अहवालातला आकडा नेमका कशाचा असतो ते पाहू. हंगामी पिकांसाठी मातीचा नमुना साधारणपणे वरच्या १५ ते २० सेंटीमीटर थरातून, म्हणजे वीतभर खोलीपर्यंत घेतला जातो. प्रयोगशाळेत ही माती अमोनियम अॅसिटेटच्या द्रावणात हलवतात, गाळून घेतात आणि गाळलेल्या द्रावणातला पालाश फ्लेम फोटोमीटर या उपकरणावर मोजतात. एक हेक्टर क्षेत्रातील १५ सेंटीमीटर जाडीच्या मातीचे वजन अंदाजे २२ लाख ४० हजार किलो धरले जाते. त्यामुळे एक किलो मातीत एक मिलिग्रॅम पालाश सापडला, तर तो हेक्टरी २.२४ किलो झाला. हा आकडा हेक्टरी १०८ किलोच्या खाली असेल तर ‘कमी’, २८० किलोच्या वर असेल तर ‘जास्त’ आणि मधला ‘मध्यम’, ही आपल्याकडची रूढ वर्गवारी आहे. काही प्रयोगशाळा यापेक्षा बारीक सहा पायऱ्या करतात. आकडा शुद्ध पोटॅशियमचा आहे की पोटॅशियम ऑक्साईडचा, हेही अहवालात पाहून घ्यावे, कारण दुसरा आकडा पहिल्याच्या १.२ पट असतो आणि खताच्या गोणीवर नेहमी तोच छापलेला असतो.

म्हणजे ‘भरपूर’ हा शेरा वरच्या वीतभर मातीपुरता असतो. त्याखाली काय आहे याबद्दल अहवाल काहीच बोलत नाही, आणि पिकाची मुळे तर वीतभरावर थांबत नाहीत.

जमिनीतला पालाश एका जागी, एका रूपात नसतो. सर्वांत थोडा भाग मातीतल्या पाण्यात विरघळलेला असतो. मूळ प्रत्यक्षात हाच शोषते, पण तो एकूण साठ्याच्या शेकडा एक-दोन दशांश इतकाच असतो. दुसरा भाग चिकणमातीच्या कणांना बाहेरून चिकटलेला असतो. कणांवर ऋणभार असतो, पालाशावर धनभार असतो, म्हणून तो धरून ठेवला जातो आणि पाण्यातला पालाश संपू लागला की तासा-दोन तासांत सुटून त्याची जागा घेतो. हा एकूण साठ्याचा एक-दोन टक्के. तिसरा भाग चिकणमातीच्या पापुद्र्यांच्या मध्ये अडकलेला असतो आणि चौथा, ९० टक्क्यांहून अधिक, अभ्रक किंवा फेल्डस्पार या खनिजांच्या घडणीतच बांधलेला असतो. चाळीतल्या खोलीत रोजची भांडी फळीवर असतात आणि मोठी पातेली माळ्यावर. ती असतात घरातच, पण हवी तेव्हा चटकन हाताशी येत नाहीत. तिसऱ्या भागातला पालाश हा असा माळ्यावरचा आहे.

या माळ्याची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. इलाइट किंवा व्हर्मिक्युलाइट या प्रकारची चिकणमाती पातळ पापुद्र्यांची बनलेली असते आणि प्रत्येक पापुद्र्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनच्या सहा-सहा अणूंनी वेढलेल्या षट्कोनी खळग्या असतात. पालाशाचा आयन, म्हणजे विद्युतभारित कण, या खळगीत नेमका बसतो. समोरासमोरच्या दोन पापुद्र्यांच्या खळग्यांमध्ये तो जाऊन बसला की पापुद्रे एकमेकांजवळ ओढले जातात आणि वाट बंद होते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आपल्याभोवती पाण्याचे जाड आवरण बाळगतात, त्यामुळे त्यांना ही जागा मिळत नाही. अमोनियमचा आयन मात्र जवळपास पालाशाएवढाच असल्याने तोही तिथे बसतो, आणि यातच परीक्षणाची एक मेख आहे. ज्या अमोनियम अॅसिटेटने आपण पालाश बाहेर काढतो, तेच अमोनियम पापुद्र्यांची वाट बंद करते. म्हणून नेहमीचे परीक्षण पहिल्या दोन भागांचेच माप देते. अडकलेल्या पालाशाचा अंदाज हवा असेल तर माती नायट्रिक आम्लात उकळावी लागते आणि ती चाचणी सर्वसाधारण मृदा आरोग्य पत्रिकेत नसते.

आता सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर देता येते. काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण फार मोठे असते आणि तीही बहुतांशी स्मेक्टाईट या प्रकारची असते, जिची धनभारित आयन धरून ठेवण्याची क्षमता दांडगी आहे. त्यामुळे खडकातून थोडाथोडा सुटलेला पालाश पावसाबरोबर वाहून न जाता कणांच्या पृष्ठभागावर साठत गेला. परीक्षणात नेमका हाच भाग मोजला जात असल्याने आकडा मोठा येतो. मात्र त्यामागे अभ्रकासारख्या खनिजांचा साठा ग्रॅनाइटच्या जमिनीत असतो तितका भक्कम असेलच असे नाही. फळीवर भांडी भरपूर, माळा मात्र निम्मा रिकामा, अशी ही स्थिती असू शकते आणि अहवालावरून ती ओळखू येत नाही.

पालाश मातीत असणे आणि पिकाला मिळणे यांत आणखी एक अंतर आहे, आणि ते अक्षरशः मिलिमीटरांत मोजण्याचे आहे. नत्र बहुतांशी पाण्याच्या ओघाबरोबर मुळापर्यंत वाहत येते. पालाश मात्र मुख्यतः विसरणाने सरकतो, म्हणजे जिथे जास्त आहे तिथून, मुळाने जिथला शोषून घेतला आहे त्या बाजूकडे हळूहळू जातो. मक्याच्या एका प्रसिद्ध हिशेबात पिकाच्या पालाशापैकी सुमारे चार पंचमांश अशा रीतीने आलेला दिसतो. या वाटचालीची मजल काही मिलिमीटरांचीच असते. मुळापासून बोटभर लांब असलेला पालाश त्या हंगामापुरता नसल्यासारखाच. शिवाय ही वाट पाण्यातून जाते. माती सुकली की कणांमधले पाण्याचे पातळ थर तुटतात, वाट लांब आणि वळणावळणाची होते, आणि ‘भरपूर’ पालाश जागच्या जागी बसून राहतो.

जानेवारीत शाळूच्या रानात उभे राहून खाली पाहिले तर हे डोळ्यांना दिसते. पोटरीत आलेली ज्वारी हिरवीगार असते आणि तिच्या बुडख्याशी जमिनीला तळहात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. वरची वीतभर माती ढेकळासारखी कोरडी असते. पाऊस ऑक्टोबरमध्येच गेलेला असतो आणि पीक परतीच्या पावसाने खाली मुरवलेल्या ओलीवर जगत असते. ही ओल आता दोन-तीन फुटांखाली आहे, म्हणजे चालती मुळेही तिथेच आहेत. अहवालातला आकडा वरच्या कोरड्या मातीचा, पीक जेवते आहे खालच्या ओल्या मातीतून. कोरडवाहू रब्बीच्या बाबतीत नेहमीचे परीक्षण इतके मुद्द्यापासून दूर असावे, हे मला फारच खटकते.

खालच्या थराचा वाटा किती असतो हे मोजण्याचा एक चांगला प्रयत्न जर्मनीत लोएस, म्हणजे वाऱ्याने आणून साठवलेल्या बारीक मातीवरच्या, वसंत ऋतूतील गव्हावर झाला आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे ३० सेंटीमीटरच्या खालून पिकाने घेतलेल्या पालाशाचे प्रमाण शेतागणिक ९ ते ७० टक्के भरले आणि सरासरी सुमारे ३४ टक्के आली. ही माती आपली नव्हे, हवामानही आपले नव्हे, त्यामुळे सरासरीला चिकटून राहण्यात अर्थ नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे ती ९ आणि ७० यांच्यातल्या दरीची. एकाच पिकाच्या एका शेताला खालच्या थराची जवळपास गरज नव्हती आणि दुसरे जवळजवळ त्याच्याच जिवावर उभे होते.

हा फरक आकड्यांत उतरवून पाहू. समजा दोन शेते आहेत आणि दोन्हींच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरात किलोमागे १५० मिलिग्रॅम, म्हणजे हेक्टरी ३३६ किलो उपलब्ध पालाश आहे. दोघांच्या पत्रिकेवर ‘जास्त’ हाच शेरा येणार. पहिल्या शेतात खालच्या तीन थरांत, प्रत्येकी १५ सेंटीमीटर धरून, अनुक्रमे ११०, ८० आणि ६० मिलिग्रॅम पालाश आहे. हेक्टरी हिशेब केला तर तो सुमारे ५६० किलो होतो. दुसऱ्या शेतात हेच आकडे ५०, ४० आणि ४० आहेत, म्हणजे जेमतेम २९० किलो. पाऊस वेळेवर असेल, वरची माती ओली असेल, तोवर दोन्ही शेतांत फरक जाणवणार नाही. पंचवीस दिवसांची उघडीप पडली की मात्र दुसऱ्या शेतात जुन्या, खालच्या पानांच्या कडा करपू लागतील आणि पत्रिका समोर धरून ‘पालाश तर भरपूर आहे’ असे म्हणत आपण रोग शोधत बसू. कपाशीत हे विशेष घडते, कारण बोंडे भरण्याच्या काळात पालाशाची मागणी चढते आणि नेमक्या त्याच सुमारास नवी मुळे फुटण्याचा जोर ओसरतो व वरची ओल संपत येते.

खोल जाण्याची ताकदही प्रत्येक पिकाची वेगळी. तूर आणि करडई यांची सोटमुळे खोल जमिनीत दीड-दोन मीटरपर्यंत जातात. याउलट कांद्याची मुळे वरच्यावर असतात, आणि वसईच्या वाड्यांतली केळी पालाशाची अतिशय भुकेली असूनही तिची बहुतेक मुळे वरच्या फूट-सव्वा फुटातच पसरतात. केळीला म्हणूनच वरून, थोडाथोडा आणि सतत द्यावा लागतो. तुरीला देताना मात्र खालचा थर काय करतो आहे हे पाहावे लागते. सोटमूळ असलेल्या पिकालाही वाट मिळाली तरच ते खाली जाते. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगर चालवल्याने, ट्रॅक्टरच्या वजनाने किंवा भाताच्या चिखलणीने तयार झालेला घट्ट तवा, चोपण (क्षारांमुळे चिकट व घट्ट) झालेला थर किंवा चुनखडीचा भरगच्च पट्टा मध्ये आला तर त्याखालचा पालाश हिशेबात धरू नये. चुनखडीच्या जमिनीत आणखी एक अडचण असते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची एवढी गर्दी असते की शोषणाच्या वेळी पालाशाला जागा मिळवणे अवघड जाते.

झाडे खालचा पालाश शोषून वर आणतात, त्यातला बराचसा पाने आणि धांड्यांत ठेवतात. पालाश वनस्पतीच्या पेशींत कशाशी घट्ट बांधलेला नसतो, त्यामुळे पाने गळून त्यांवर पाऊस पडला की तो धुऊन थेट मातीच्या वरच्या थरात उतरतो. खालून वर असा हा उपसा सतत चालू असतो, आणि म्हणूनच जगभरच्या मातीत पालाश कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा पृष्ठभागाजवळ अधिक गोळा झालेला आढळतो. जोवर पालापाचोळा रानातच राहतो, तोवर हे नुकसानीचे नाही. पण ज्वारीत पालाशाचा मोठा हिस्सा दाण्यात नसून कडब्यात असतो. कडब्यात एक ते दीड टक्का पालाश धरला तर हेक्टरी ५ टन कडबा उचलताना ५० ते ७५ किलो पालाश रानाबाहेर जातो. म्युरेट ऑफ पोटॅश या पालाशयुक्त खताच्या ५० किलोच्या गोणीत शुद्ध पालाश २५ किलो असतो. म्हणजे दोन ते तीन गोण्या दर हंगामाला बांधावरून बाहेर जातात, आणि त्यातला चांगलाच वाटा खालच्या थरातला असतो. कडब्याच्या बदल्यात जे थोडेफार खत येते ते वर पडते. काळी चिकण माती पालाश घट्ट धरत असल्यामुळे तो खाली उतरायला वर्षे लागतात. भेगांतून वरची माती खाली ढासळते तेवढीच काय ती भर.

याचा परिणाम असा होतो की वरचा आकडा वर्षानुवर्षे ‘जास्त’च राहतो आणि खालचा साठा गुपचूप आटत जातो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात, आपल्यासारख्याच काळ्या, भेगाळणाऱ्या जमिनीत हेच घडले. नांगरट बंद केल्यावर पालाश वरच्या काही सेंटीमीटरमध्ये साचत गेला, त्याखालचा थर पिकांनी रिकामा केला, आणि कोरड्या हंगामांत पिके अडू लागली. तेथील संशोधकांनी पालाश सुमारे २० सेंटीमीटर खोलीवर पट्ट्यात पेरून पाहिला तेव्हा कस गेलेल्या शेतांत उत्पादन वाढलेले दिसले. हे काम खर्चाचे आहे आणि सगळीकडे त्याची गरजही नाही, पण ‘काळ्या जमिनीला पोटॅश लागत नाही’ या आपल्या जुन्या समजुतीला यापेक्षा चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

मुंबईकरांपैकी फार मोठ्या वर्गाचे गाव कोकणात असते आणि तिथे गणित अगदी उलटे आहे. जांभ्याच्या लाल मातीतली चिकणमाती मुख्यतः केओलिनाइटची असते. तिचे पापुद्रे एकमेकांना गच्च जोडलेले असल्याने मध्ये पालाश अडकायला जागा नसते आणि बाहेरून धरून ठेवण्याची क्षमताही तोकडी असते. त्यावर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. दिलेला पालाश खाली उतरतो, पण खालचा थरही तसाच असल्यामुळे तिथेही ठरत नाही. म्हणून कोकणात एकदम मोठी मात्रा देण्यापेक्षा ती विभागून देणे शहाणपणाचे ठरते. भातखाचरात चिखलणीमुळे मुळे वीतभरातच राहतात, तेव्हा खालच्या थराची मदतही फारशी नाही. इथली राबाची पद्धत या दृष्टीने पाहिली तर वेगळीच दिसते. ज्या झाडांची मुळे कातळाच्या फटींतून खोल गेलेली असतात, त्यांचा टाळ तोडून, रोपवाटिकेच्या तुकड्यावर पसरून भाजायचा, म्हणजे भाताला कधीच न पोहोचणारा खोलातला पालाश राखेच्या रूपाने भाताच्या रोपाला मिळतो. त्यात नत्र आणि सेंद्रिय पदार्थ जळून जातात, झाडे बोडकी होतात, त्यामुळे राबाची तरफदारी करण्याचा माझा हेतू नाही. पण पालाशापुरता विचार केला तर पद्धत बिनबुडाची मुळीच नव्हती.

गॅलरीतल्या कुंडीला तर खालचा थरच नसतो. नर्सरीतून आणलेली लाल माती पालाश धरत नाही, रोजच्या पाण्याबरोबर तो तळाच्या भोकातून निघून जातो. कोकोपीटमध्ये सुरुवातीला पालाश बऱ्यापैकी असतो, तोही धुपत जातो. कुंडीपुरते एवढे पुरे.

पालाशाचा प्रश्न पैशांचाही आहे. चेंबूर-ट्रॉम्बेच्या कारखान्यात ‘सुफला १५:१५:१५’ तयार होते, पण त्यातला पालाश देशातला नसतो. म्युरेट ऑफ पोटॅश भारत पूर्णपणे आयात करतो, मुख्यतः कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन आणि इस्रायल या देशांतून. साखर कारखान्यांच्या आसवनीतला (मद्यार्क काढण्याच्या विभागातला) स्पेंटवॉश, म्हणजे उरलेले सांडपाणी, जाळून उरलेल्या राखेपासून मिळणारा, साडेचौदा टक्के पालाश ऑक्साईड असलेला पालाश २०२१ मध्ये अनुदानाच्या यादीत आला. उसाने टनामागे सुमारे दोन किलो पालाश ऑक्साईड रानाबाहेर नेलेला असतो, तेव्हा त्यातला काही परत येणे न्याय्यच म्हणावे लागेल. ज्यांना काहीच विकत घ्यायचे नाही त्यांनी निदान तुरीचा पाला, पऱ्हाट्या आणि पाचट रानातच कुजवावे. शेणखतापेक्षा गोमूत्रात पालाश अधिक उतरतो, म्हणून गोठ्यातले मूत्र वाया जाऊ देऊ नये.

खालच्या थराची तपासणी करणे अवघड नाही. उन्हाळ्यात, पिके निघाल्यावर, शेताच्या पाच-सहा ठिकाणी गिरमिटाने किंवा कुदळ-पहारीने दोन फूट खोल खड्डा घ्यावा आणि ० ते १५, १५ ते ३० व ३० ते ६० सेंटीमीटर या थरांची माती वेगवेगळ्या घमेल्यांत गोळा करावी. वरची माती खाली ढासळून मिसळणार नाही एवढी काळजी घ्यावी, नाहीतर सगळा खटाटोप फुकट जातो. प्रत्येक घमेल्यातली माती मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जावे आणि अर्धा किलो उरली की पिशवीत भरून आत थराची चिठ्ठी टाकावी. खोदताना पहार कुठे ठणकते आणि पांढरी मुळे कुठवर गेलेली आहेत, हेही लिहून ठेवावे, कारण मुळे जिथे थांबली आहेत त्याच्या खालचा आकडा पिकाच्या कामाचा नाही. माती वाळवल्याने उपलब्ध पालाशाचा आकडा काही जमिनींत वर-खाली होतो, म्हणून दर वेळी त्याच महिन्यात, शक्यतो त्याच प्रयोगशाळेकडे नमुने द्यावेत. तीन-चार वर्षांनी पुन्हा तपासल्यावर वरचा आकडा जागच्या जागी आणि १५ ते ३० सेंटीमीटरचा घसरलेला दिसला, तर पालाश फोकून न देता दोन चाडी पाभरीने (बी आणि खत वेगवेगळे सोडणाऱ्या पेरणीच्या अवजाराने) बियाण्याच्या बाजूला आणि त्याच्या खाली पडेल असा पेरावा. बियाण्याला चिकटून मात्र पेरू नये, कारण म्युरेटच्या क्षाराने कोंब जळतो.